बेटावरचे हॉटेल निवडताना आधी ओहोटी पाहावी

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे हे दोघांनाही स्पष्ट राहील. आपण निपाणीचे, प्रवासाला आपण, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या आई असे चौघे जण, त्यांत आईंचे गुडघे दुखणारे. अंदमानला सहा रात्री, एकूण खर्च १,२५,००० रुपयांच्या आत, आणि ‘पळापळ नको, निवांत समुद्र हवा’ ही मुख्य अट. हॅवलॉक बेटावरची दोन ठिकाणे आपण हेरून ठेवली आहेत: एक किनाऱ्याला लागून, पोहण्याचा तलाव असलेले, रात्रीला ९,५०० रुपयांचे, दुसरी झोपडीवजा खोली, २,२०० रुपयांची. पहिल्या ठिकाणी दोन रात्री चैनीत राहून उरलेल्या रात्री स्वस्तात काढाव्यात, की सगळ्याच रात्री मधल्या दराच्या खोलीत काढाव्यात, असे आपण विचारले आहे.

बेळगावात सहलींची व्यवस्था लावून देण्याचे काम मी बावीस वर्षे करतो आहे, आणि त्यातली निम्मी वर्षे तरी अंदमानला माणसे पाठवण्यात व अधूनमधून त्यांच्यासोबत जाण्यात गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, या दोन हॉटेलांची तुलना करण्याआधी एक दुसराच प्रश्न सोडवावा लागतो. सहा रात्रींत आपण बॅगा किती वेळा भरणार आहात? ठरावीक सहलीत पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि पुन्हा पोर्ट ब्लेअर असा फेरा असतो. प्रत्येक मुक्काम बदलताना सकाळी खोली सोडायची, धक्क्यावर तासभर आधी जाऊन उभे राहायचे, सामान तपासून घ्यायचे, बोटीत बसायचे, पलीकडे उतरून गाडी शोधायची आणि नवी खोली झाडून होईपर्यंत स्वागतकक्षातल्या खुर्चीवर वाट पाहायची, यात दिवसाचा उजेड संपतो. आईंना तर धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकतानाच दोघांचा हात धरावा लागेल. असे तीन वेळा झाले, तर ९,५०० रुपयांच्या खोलीतला मऊ पलंगही त्यांचा शीण काढू शकणार नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की जाताना एक रात्र पोर्ट ब्लेअर, मग एकाच बेटावर सलग चार रात्री, आणि परतीच्या आदली रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. दुसरे बेट सोडून द्यावे.

(पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले, आणि हॅवलॉक व नील यांची नावे २०१८ मध्ये अनुक्रमे स्वराज द्वीप व शहीद द्वीप झाली. हॉटेलवाले आणि गाडीवाले अजूनही जुनीच नावे घेतात, म्हणून मीही तीच लिहितो. तिकिटावर मात्र नवे नाव दिसले तर गोंधळून जाऊ नये.)

आता हिशेब पाहू. दर हंगामाप्रमाणे खालीवर होतात, त्यामुळे हे आकडे अंदाजाचे आहेत. बेंगळुरूहून जाऊन-येऊन विमानाचे माणशी तेरा हजार धरले, तर चौघांचे ५२,००० झाले. खाजगी बोटीचे एका वेळचे माणशी दीड हजार धरून जाण्या-येण्याचे १२,०००. बेळगाव ते बेंगळुरू आणि परत, रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातून किंवा रात्रीच्या बसने, ८,०००. म्हणजे घर सोडून घरी परतेपर्यंतच्या प्रवासालाच ७२,००० गेले आणि हाती ५३,००० उरले. त्यातून खाण्याला १४,००० आणि बेटावरच्या गाड्या, तिकिटे व किरकोळ बाबींना ८,००० बाजूला काढले, तर सहा रात्रींच्या खोल्यांना ३१,००० राहतात. त्यातलेही सहा-सात हजार अडीअडचणीला राखून ठेवावेत, कारण समुद्र खवळून बोट रद्द झाली तर एक रात्र वाढते आणि ती कुणी फुकट देत नाही. याचा अर्थ चौघांच्या खोलीसाठी आपल्याकडे रात्रीला सुमारे ४,००० रुपये आहेत. दोन रात्रींना १९,००० घातले, तर उरलेल्या चार रात्रींना जेमतेम पाच-सहा हजार उरतील, आणि त्या पैशांत आईंना चालेल अशी खोली मिळणार नाही. दुसरे बेट वगळल्याने बोटीचे चौघांचे एका टप्प्याचे सहा हजार आणि दोन वेळचे गाडीभाडे वाचते, ते वेगळेच.

एक सूचना प्रवासाबद्दल. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने सकाळी बेंगळुरूला उतरून त्याच सकाळचे विमान पकडण्याचा बेत आखू नये. स्थानकापासून देवनहळ्ळीचा विमानतळ लांब आहे आणि गाडीला उशीर झाला तर सगळीच सहल कोलमडते. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानाने बेंगळुरू गाठणे परवडत असेल तर उत्तम, नाहीतर एक दिवस आधी निघून विमानतळाच्या बाजूला साध्या खोलीत रात्र काढावी.

केव्हा जावे, याबाबतीत आपण सीमाभागातली माणसे थोडी नशीबवान आहोत. मुलगी कर्नाटकातल्या शाळेत असेल, तर तिची उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागते, आणि महाराष्ट्रातल्या शाळा सुटायला अजून अवकाश असतो. मे महिन्यात पुण्या-मुंबईची गर्दी सुरू होण्याआधीचे ते दोन-अडीच आठवडे माझ्या अनुभवात सर्वांत चांगले आहेत. उकाडा असतो, हे खरे. पण समुद्र शांत असतो, पाणी नितळ असते आणि खोलीचा दर नाताळच्या मानाने बराच उतरलेला असतो. दसऱ्याच्या सुट्टीचा मोह टाळावा. अंदमानला नैर्ऋत्य मोसमी पाऊस मेच्या उत्तरार्धात पोहोचतो आणि तो ओसरला तरी ईशान्येकडचा पाऊस व वादळे डिसेंबरपर्यंत अधूनमधून येतच राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्वस्त मिळालेली खोली बोट बंद पडल्याने महाग पडलेली मी पाहिली आहे.

आता ज्या गोष्टीकडे आपल्याकडचा माणूस हमखास दुर्लक्ष करतो, तिच्याकडे वळतो. आपण वेदगंगा-घटप्रभेच्या काठची माणसे. आपल्या नदीचे पाणी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते, ते सकाळ-संध्याकाळ जागा बदलत नाही. म्हणून हॉटेलच्या छायाचित्रात पायरीशी निळे पाणी दिसले, की ते दिवसभर तिथेच राहील असे आपण गृहीत धरतो. सोळा वर्षांपूर्वी मीही तेच गृहीत धरले होते. खानापूरच्या दोन कुटुंबांना हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यावर, अगदी वाळूत बांधलेल्या खोल्या मी घेऊन दिल्या. दुपारी जेवून ती मंडळी आंघोळीचे कपडे घालून बाहेर आली, तेव्हा समोर समुद्र नव्हताच. दूरपर्यंत शेवाळलेले खडक, मेलेली प्रवाळे आणि घोट्याएवढी डबकी. पाणी कुठेतरी क्षितिजाकडे गेले होते. त्यांतल्या एका काकांनी मला फोन करून फक्त एवढेच विचारले, ‘साहेब, समुद्र किती वाजता उघडतो?’ त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे असायला हवे होते आणि नव्हते.

भरती-ओहोटी दिवसातून प्रत्येकी साधारण दोनदा होते आणि तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जितके वर चढते तितकेच खोल मागेही हटते. अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी असतो, त्याला कोकणात भांग म्हणतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा मालवणकडच्या मच्छीमारांचा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याला बऱ्यापैकी लागू पडतो. अष्टमीला सहा वाजता, असा. अंदमानात भरतीची घड्याळातली वेळ वेगळी पडते, त्यामुळे तो हिशेब तिकडे नेऊ नये. उधाण आणि भांग यांच्या तिथी मात्र त्याच राहतात. आपल्या मुक्कामाच्या तारखांच्या भरती-ओहोटीच्या वेळा इंटरनेटवर सहज मिळतात. त्या कागदावर लिहून घ्याव्यात आणि मगच खोलीचा विचार करावा.

हॅवलॉकवरची बरीचशी हॉटेले पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर आणि विजयनगर या भागांत आहेत. तिथले लोक त्यांना तीन नंबर आणि पाच नंबर म्हणतात. तिथला सूर्योदय सुंदर असतो, सावलीत झाडाखाली बसायला जागा उत्तम असते, पण ओहोटीला बहुतेक ठिकाणी पोहता येत नाही. पोहण्याजोगी सपाट वाळू पश्चिमेच्या राधानगरला, म्हणजे सात नंबरला आहे, आणि ती धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटरवर पडते. राधानगरच्या बाजूला हॉटेले थोडी आणि महाग. तेव्हा पूर्वेला ९,५०० रुपये देऊनही समुद्रात उतरण्यासाठी रोज गाडी करून राधानगरला जावे लागणार असेल, तर ते जादा पैसे आपण कशाचे देतो आहोत, हे स्वतःला विचारावे. ज्यांना पुस्तक घेऊन, झुल्यात पडून, पाण्याकडे नुसते पाहत बसायचे आहे त्यांना ती खोली योग्यच आहे. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र पाणी पाहायचे नसते, त्यात शिरायचे असते.

म्हणून आपल्या कुटुंबासाठी माझा कल नीलकडे आहे. बेट लहान, बहुतांशी सपाट, शेतीवाडीचे, आणि कोणताही किनारा दुसऱ्यापासून फार लांब नाही. भरतपूरचा किनारा धक्क्याच्या अगदी जवळ असून तिथले पाणी उथळ आहे. लक्ष्मणपूरला सूर्यास्त आणि सीतापूरला सूर्योदय पाहता येतो. रिक्षाने आईंना कुठेही सहज नेता येते. संध्याकाळी बाजारात फेरी मारली की बेट संपते, आणि हाच त्याचा गुण आहे. ज्यांना रोज नवे काहीतरी लागते, निरनिराळ्या खाणावळी लागतात, त्यांना तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल. तसा आपल्या पत्नींचा स्वभाव असेल तर हॅवलॉकच घ्यावे आणि राधानगरला दोन दिवस गाडी ठरवावी. हे तुमच्या घरातले तुम्हीच जाणता.

जाहिरातीतल्या शब्दांबद्दल थोडे. ‘बीचफ्रंट’ म्हणजे हॉटेलची एखादी भिंत किनाऱ्याला लागते, तुमची खोली लागतेच असे नाही. ‘सी व्ह्यू’ म्हणजे नारळीच्या दोन झाडांमधून निळी पट्टी दिसते. ‘बीच अ‍ॅक्सेस’ म्हणजे वाट आहे. ती शेजारच्या वाडीतून पाचशे पावलांची असू शकते. नकाशातले उपग्रहाचे चित्र मोठे करून पाहिले, तर या तिन्ही शब्दांचा खरा अर्थ दोन मिनिटांत कळतो. मी स्वतः रस्त्याच्या आतल्या बाजूची, किनाऱ्यापासून पाच मिनिटांच्या चालीवरची हॉटेले सुचवतो. तीच पलंगपोसाची आणि पंख्याची खोली तिथे बरीच स्वस्त पडते, वाऱ्याने खारट दमटपणा आत येत नाही, आणि संध्याकाळी वाळूत उठणाऱ्या बारीक माश्या, ज्यांच्या चाव्याची खाज आठवडाभर राहते, त्या तिथवर कमी पोहोचतात.

आईंसाठी खोली तळमजल्यावरची असावी हे आपण म्हणालच, पण तेवढे पुरत नाही. झोपडीवजा खोल्या दमटपणामुळे जमिनीपासून उचलून बांधलेल्या असतात आणि त्यांना तीन-चार लाकडी पायऱ्या असतात, बहुधा कठडा नसतो. हॉटेलवाला त्यालाही तळमजलाच म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खोटे नसते. म्हणून ‘दारापर्यंत पायऱ्या किती?’ असा आकडाच विचारावा. संडास कमोडचा आहे का, न्हाणीघराची फरशी घसरडी आहे का, हेही विचारावे. बेटांवर वीज मुख्यतः डिझेलवर तयार होते आणि ती जाते. हॉटेलच्या स्वतःच्या जनित्रावर पंखा चालतो की एसीसुद्धा, हा प्रश्न एप्रिलमध्ये महत्त्वाचा आहे.

हे सगळे विचारण्यासाठी फोन करावा. संकेतस्थळावरून थेट पैसे भरून मोकळे होऊ नये. व्यवस्थापक फोनवर कंटाळून उत्तरे देत असेल, तर समोर गेल्यावर तो अधिक उत्साही होईल असे मानायला कारण नाही. अंदमानात हिंदी सर्वत्र चालते, आणि या दोन बेटांवर मूळच्या पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांची वस्ती मोठी आहे, त्यामुळे बोलण्याची अडचण येत नाही. पाहुण्यांचे अभिप्राय वाचताना पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे दोन्ही सोडून द्यावेत. पहिले बहुधा लग्नानंतरच्या आनंदात लिहिलेले असतात आणि दुसरे भांडणानंतर. तीन ताऱ्यांचे, गेल्या तीन-चार महिन्यांतले अभिप्राय शांतपणे वाचावेत. पाहुण्यांनी टाकलेली छायाचित्रे हॉटेलच्या छायाचित्रांपेक्षा जास्त बोलतात, कारण पाहुणा ओहोटीलाही कॅमेरा काढतो.

कराचा मुद्दा लहान आहे, पण हिशेबात धरावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. ९,५०० ची खोली कर धरून ११,२०० च्या पुढे जाते. ४,००० ची ४,२०० राहते.

जेवणाबद्दल अपेक्षा आवरत्या ठेवाव्यात. भाजीपाला थोडाफार तिथे पिकतो, बाकीचा बराच माल मुख्य भूमीवरून जहाजाने येतो, म्हणून साधे जेवणही आपल्याकडच्यापेक्षा महाग लागते. नाश्ता भाड्यात धरलेला असेल तर चौघांचा रोजचा सहा-सातशेचा खर्च वाचतो, तेव्हा दर विचारताना तो धरूनच तुलना करावी. अंदमान आपल्या प्रमाणवेळेच्या मानाने फार पूर्वेला असल्यामुळे एप्रिलमध्ये पाचच्या सुमारास लख्ख उजाडते आणि संध्याकाळी साडेपाचनंतर लगेच अंधार पडतो. नाश्ता साडेआठला देणाऱ्या हॉटेलात उत्तम उजेडाचे तीन तास उपाशीपोटी जातात; भडंग आणि दशम्यांचा डबा तेव्हा उपयोगी पडतो. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट सुधारले आहे, तरी दहा हजार रोख जवळ ठेवावेत.

पोर्ट ब्लेअरच्या दोन रात्रींसाठी साधी, स्वच्छ, विमानतळ आणि सेल्युलर जेल यांच्या मधली खोली पुरे. मराठी कुटुंब सावरकरांची कोठडी पाहिल्याशिवाय परत येत नाही. १९११ मध्ये त्यांना तिथे नेले, आणि १९५० मध्ये आपल्याच बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात ते स्थानबद्ध होते, म्हणून आपल्या भागातल्या माणसाला तिथे जरा वेगळेच वाटते. ती कोठडी वरच्या मजल्यावर आहे. आईंनी खालच्या अंगणात पिंपळाजवळ बसावे, आणि त्यांना वर जायचेच असेल तर तो दिवस परतीचा नसावा. शेवटची रात्र बेटावर काढून त्याच सकाळच्या बोटीने येऊन विमान पकडणे, हा धोका मी कुणालाही पत्करू देत नाही.

आईंच्या डॉक्टरांनी विमान किंवा बोट नको म्हटले, तर बेटाचा हट्ट सोडून मालवणजवळच्या देवबागचा विचार करावा. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि आंबोलीमार्गे बेळगावहून साधारण चार तासांत गाडी थेट दारात जाते. बेटासारखाच शांतपणा आणि वर माशांचे जेवण आपल्या चवीचे. तिथे चौघांच्या चार रात्री पस्तीस हजारांत सहज बसतात. फक्त नाव नीट वाचावे: कारवारलाही काळी नदीच्या मुखापाशी एक देवबाग आहे, जिथे होडीने जावे लागते. एका कुटुंबाने खोली मालवणच्या देवबागची घेतली होती आणि गाडी कारवारकडे वळवली, हे त्यांना होडीवाल्याने सांगितल्यावर कळले. एप्रिलमध्ये मालवणलाही गर्दी मेपेक्षा कमी असते.

आपल्या दोन हॉटेलांबाबत शेवटी माझे मत असे, की दोन्ही घेऊ नयेत. ९,५०० चे आपल्या हिशेबात बसत नाही आणि ओहोटीला उपयोगी नाही. २,२०० चे दोन मित्रांना ठीक, आईंना नाही. नीलवर साडेतीन ते साडेचार हजारांत, नाश्त्यासह, विनापायरीची मोठी खोली शोधावी. विमानाची तिकिटे आणि बोटीची तिकिटे आधी घ्यावीत, खोली त्यानंतर. आणि खोलीचे पैसे भरताना ‘बोट रद्द झाल्यास रक्कम परत किंवा तारीख बदलून’ हे वाक्य हॉटेलकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावे. तोंडी होकार मिळाला असेल, तरी लिहूनच घ्यावे. तारखा पक्क्या झाल्या की मला कळवा, त्या चार दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा पाहून भरतपूरला सकाळी जावे की दुपारी, ते सांगतो.